जॉर्ज वॉशिंग्टनचा लपलेला हात आणि चित्रकाराचं बिल

दर काही महिन्यांनी एक ढकलपत्र फिरत येतं. कधी इंग्रजी सुधारण्याच्या ग्रुपवर, कधी 'हे तुम्हाला माहीत होतं का?' छापाच्या पानावर, कधी एखाद्या निवृत्त काकांच्या शुभ सकाळच्या पाठोपाठ. मजकूर साधारण असा असतो: जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळी कॅमेरे नव्हते. स्वतःची छबी हवी असेल तर पुतळा घडवून घ्यायचा, नाहीतर चित्र काढून घ्यायचं. वॉशिंग्टनच्या काही चित्रांत त्याचा एक हात पाठीमागे आहे, काहींत दोन्ही हात आणि दोन्ही पाय दिसतात. याचं कारण, चित्रकार पैसे लावायचे ते चित्रात माणसं किती यावर नाही, तर हातपाय किती रंगवायचे यावर. म्हणून महागड्या वस्तूची किंमत 'एक हात आणि एक पाय' अशी सांगायची पद्धत इंग्रजीत पडली.

पहिलं वाक्य बरोबर आहे, कॅमेरे नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्यालाही हरकत घ्यायचं कारण नाही. चौथ्यापासून मात्र सगळा बादरायण संबंध सुरू होतो. गंमत म्हणजे हे खोडायला तर्क लढवत बसायची गरज नाही. त्या काळातल्या अमेरिकी वसाहतींमधले चित्रकार आणि त्यांची गिऱ्हाइकं हिशेबाला पक्की होती आणि त्यांचे कागद शिल्लक आहेत.

सुरुवात खुद्द वॉशिंग्टनपासूनच करू, कारण पत्राने साक्षीदार म्हणून त्यालाच उभं केलंय.

मे १७७२. वॉशिंग्टन चाळिशीचा, व्हर्जिनियातला जमीनदार. राष्ट्राध्यक्ष वगैरे व्हायला अजून बराच अवकाश. त्याच्या माउंट व्हर्नन इथल्या घरी चार्ल्स विल्सन पील हा चित्रकार येऊन राहिला. वॉशिंग्टनला समोर बसून चित्र काढून घेण्याची मुळीच हौस नव्हती. एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपण इतक्या गंभीर, घुम्या चेहऱ्याने बसतो आणि नेमके महत्त्वाचे फटकारे चालू असताना मधूनमधून इतके पेंगतो, की आपण कसले गृहस्थ आहोत हे जगाला दाखवताना या चित्रकाराच्या कौशल्याची कसोटी लागणार. तर या पेंगणाऱ्या माणसाचं जे चित्र तयार झालं, ते त्याचं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं व्यक्तिचित्र. अंगावर व्हर्जिनिया रेजिमेंटच्या कर्नलचा जुना गणवेश, उजवा हात वेस्टकोटात खुपसलेला, डावा पाठीमागे गेलेला. ढकलपत्रात वर्णन केलेला 'हात लपवलेला वॉशिंग्टन' पाहायचा तर याहून चांगला नमुना मिळणार नाही.

आता बिल. वॉशिंग्टनच्या खतावणीत पीलच्या नावे चार रकमा आहेत. स्वतःच्या चित्राचे १८ पौंड ४ शिलिंग. पत्नी मार्थाच्या लघुचित्राचे १३ पौंड. सावत्र मुलगा जॅकी आणि सावत्र मुलगी पॅट्सी यांच्या लघुचित्रांचे प्रत्येकी १३ पौंड. लघुचित्र म्हणजे हस्तिदंताच्या चकतीवर काढलेला, मुठीत मावेल एवढा चेहरा. त्यात हातही नाही आणि पायाचा तर प्रश्नच नाही. हातापायांवर पैसे लागत असते तर ही तीन चित्रं जवळपास फुकटात पडायला हवी होती. प्रत्यक्षात त्या तिघांचे मिळून ३९ पौंड झाले, घरधन्याच्या मोठ्या चित्राच्या दुपटीहून जास्त. लघुचित्रात पैसा लागतो तो डोळ्यांना आणि बारकाईला.

आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वसाहतींमधला पौंड लंडनच्या पौंडापेक्षा हलका होता आणि प्रत्येक वसाहतीत त्याचा भाव निराळा. चित्रकार मात्र आपला दर गिनीत सांगत. गिनी म्हणजे २१ शिलिंगांचं ब्रिटिश सोन्याचं नाणं. व्हर्जिनियाच्या चलनात गिनीला २६ शिलिंग धरले (आणि पौंडाला नेहमीचे २०), तर १३ पौंड म्हणजे बरोबर १० गिनी आणि १८ पौंड ४ शिलिंग म्हणजे बरोबर १४ गिनी. ही १४ गिनी लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

भेटते ती शेकडो मैल उत्तरेला, बॉस्टनमध्ये. तिथे त्या वेळी जॉन सिंगलटन कॉप्ली हा चित्रकार होता. वसाहतींमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता, असं माझं मत आहे आणि त्यावर फार वाद होईल असं वाटत नाही. जन्म १७३८चा. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील लवकर गेले, आई बंदरातल्या लाँग वॉर्फवर तंबाखूचं दुकान चालवायची. मुलगा दहा वर्षांचा असताना तिने पीटर पेलहॅम या खोदकाराशी लग्न केलं. पेलहॅम मेझोटिंटचा कारागीर. म्हणजे तांब्याचा पत्रा खरवडून, घासून त्यावरून गडद-फिक्या छटांचं चित्र छापणारा. तेवढ्यावर पोट भरत नसल्यामुळे तो नाच, लेखन आणि अंकगणिताचे वर्गही घ्यायचा. तीन-साडेतीन वर्षांत तोही वारला. पोराच्या हाती उरली ती अवजारं, छापील चित्रांचा गठ्ठा आणि तांब्याचे पत्रे.

त्यातला एक पत्रा त्याने पंधराव्या वर्षी कसा वापरला, ते पाहण्यासारखं आहे. पेलहॅमने विल्यम कूपर नावाच्या पाद्र्याचं चित्र कोरलेलं होतं. कॉप्लीने त्यातलं डोकं घासून काढलं, नावही काढलं आणि त्या जागी विल्यम वेलस्टीड या दुसऱ्या पाद्र्याचं डोकं बसवलं. झगा तोच, धड तेच. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचे, बाकीचं शरीर उसनं चालतं, हे त्या पोराला तेव्हाच कळलेलं असणार. पुढेही त्याने बायकांच्या चित्रांसाठी पोझ आणि कपडे इंग्रजी छापील चित्रांवरून सर्रास उचलले. श्रीमती बॉवर्सचं त्याने काढलेलं चित्र पाहा. बसण्याची ढब, पोशाख, मांडीवरचा कुत्रा, सगळं लंडनचा नामांकित चित्रकार रेनॉल्ड्स याने काढलेल्या लेडी कॅरोलाइन रसेलच्या चित्राच्या छापील प्रतीवरून घेतलेलं आहे. चेहरा तेवढा बॉस्टनचा.

हा माणूस दर कसा लावायचा? कॅनव्हासच्या आकारावर. त्यासाठी लंडनच्या बाजारात ठरलेली मापं होती आणि तीच अटलांटिकच्या या बाजूलाही चालत. नुसतं डोकं आणि खांदे असतील तर ३० बाय २५ इंच. त्याहून थोडं मोठं, ३६ बाय २८ इंचांचं, त्याला 'किटकॅट' म्हणत. लंडनच्या किटकॅट क्लबच्या सभासदांची चित्रं नेलर या चित्रकाराने या मापात काढली होती, म्हणून ते नाव. मग ५० बाय ४० इंचांचं 'हाफ-लेंग्थ'. आणि सगळ्यांत मोठं, जवळजवळ आठ फूट उंचीचं, पायाच्या बोटांपर्यंतचं पूर्णाकृती. कॉप्लीच्या आधीच्या पिढीत बॉस्टनमध्ये जॉन स्मायबर्ट हा स्कॉटिश चित्रकार होता. त्याची वही उपलब्ध आहे. तीत तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, आकाराचं संक्षिप्त अक्षर आणि रक्कम अशा नोंदी आहेत. आकाराचं अक्षर. हातापायांचा रकाना नाही.

बॉस्टनमध्ये कॉप्लीचा हाफ-लेंग्थचा दर होता १४ गिनी. १७७१ साली एझिकेल गोल्डथवेट आणि त्याची बायको एलिझाबेथ यांनी त्याच्याकडून जोडीने चित्रं काढून घेतली. दोघांचीही हाफ-लेंग्थ, दोघांचाही दर सारखाच, १४ गिनी. एलिझाबेथबाईंचं चित्र एकदा तरी जवळून बघावं. जाडजूड, खंबीर, बारा-पंधरा बाळंतपणं काढलेली बाई. अंगावर तपकिरी रेशीम, आणि हात पुढे करून टेबलावरच्या फळांच्या परडीला लावलेला. तो हात गुळगुळीत, बाहुलीसारखा नाही. त्यात मांस आहे, वजन आहे. आता हे आणि पीलचा वॉशिंग्टन शेजारी ठेवा. बॉस्टनमध्ये हात डोळ्यांत भरेल असा रंगवलेला, १४ गिनी. व्हर्जिनियात एक हात वेस्टकोटात आणि दुसरा पाठीमागे, १४ गिनी. कॅनव्हासचं माप जवळजवळ सारखंच. माझ्या मते ढकलपत्राचा निकाल इथेच लागतो. जाता जाता, गोल्डथवेट दांपत्याला कोरीव सोनेरी चौकटींसाठी चित्राच्या जवळपास निम्मी रक्कम वेगळी मोजावी लागली. हातापायांपेक्षा लाकूड महाग पडलं म्हणायचं.

त्याच वर्षी कॉप्ली सहा महिने न्यूयॉर्कला जाऊन राहिला. तिथल्या गिऱ्हाइकांची नावं आधीच गोळा करून ठेवली होती आणि दरही ठरवून दिले होते: पूर्णाकृती ४० गिनी, हाफ-लेंग्थ २०, छातीपर्यंतचं १०. सरळ दुपटीचं गणित. आपल्या चौकातल्या फ्लेक्सचा दर जसा स्क्वेअर फुटावर ठरतो, त्यावर भाऊंनी एक हात उंचावलाय की दोन्ही जोडलेत हे छापणारा विचारत नाही, तसाच हा मामला.

पण ढकलपत्राच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोललं पाहिजे. छातीपर्यंतच्या चित्रात हात सहसा नसतात, किटकॅटमध्ये एखादा येतो, हाफ-लेंग्थमध्ये दोन येऊ शकतात, पूर्णाकृतीत पायही येतात. म्हणजे जास्त अवयव दिसणारं चित्र बहुधा महाग असतंच. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की हातापायांचेच पैसे आहेत. खरी मेख इथे आहे: मोठा कॅनव्हास हे कारण, आणि अवयव त्याच्याबरोबर आलेले. एकच माप घेऊन तुलना केली की फरक नाहीसा होतो.

उलट बाजूनेही तपासता येतं. त्या काळच्या बायकांचे पाय झग्याच्या घेरात गडप झालेले असत. १७६९ साली कॉप्लीने बॉस्टनजवळच्या मार्बलहेडचा व्यापारी जेरेमाया ली आणि त्याची बायको मार्था यांची पूर्णाकृती चित्रं काढली, प्रत्येक जवळजवळ आठ फुटी. लीसाहेब मखमली कपड्यांत, पांढऱ्या मोज्यांतल्या भरदार पोटऱ्या दाखवत उभे. बाईंच्या चित्रात पायांच्या जागी रेशीमच रेशीम. पायांचे पैसे लागत असते तर वसाहतीतल्या प्रत्येक नवऱ्याने बायकोच्या पूर्णाकृती चित्रावर सूट मागितली असती, आणि बॉस्टनचे व्यापारी सूट मागायला लाजणारे नव्हते. दरपत्रकात मात्र बाई-पुरुष असा भेद दिसत नाही.

मग हात लपवायचे कशाला? याचं उत्तर पैशात नाही, शिष्टाचारात आहे. फ्रान्स्वा निव्हेलॉन नावाच्या नृत्यशिक्षकाने १७३७ साली लंडनमध्ये सभ्य वागणुकीवर पुस्तक छापलं. उभं कसं राहावं, टोपी कशी काढावी, नमस्कार कसा करावा, सगळं चित्रांसह. वेस्टकोटात हात ठेवून उभं राहणं म्हणजे धैर्य, पण नम्रतेने आवरलेलं, असा त्याचा अर्थ तो सांगतो. त्यामागे ग्रीक वक्त्यांची जुनी परंपरा होती. लंडनच्या चित्रकारांनी ही ढब इतकी वापरली की ती गुळगुळीत झाली, आणि छापील चित्रांतून ती वसाहतींमध्ये पोचली. वॉशिंग्टनचा वेस्टकोटातला हात म्हणजे 'मी सभ्य गृहस्थ आहे' असं सांगणं आहे. काटकसर नव्हे.

हात रंगवणं अवघड असतं, हे मात्र शंभर टक्के खरं. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. कॉप्लीला तर बॉस्टनमध्ये शिकवायला कोणी नव्हतं, समोर नग्न मॉडेल बसवून अभ्यास करण्याची सोय नव्हती. म्हणून अठराव्या वर्षी त्याने शरीररचनेच्या पुस्तकांवरून स्नायू आणि हाडांची चित्रं उतरवून स्वतःची एक वही तयार केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या मेहनतीचं फळ त्याच्या हातांत, म्हणजे त्याने रंगवलेल्या हातांत दिसतं. १७६८ सालचा पॉल रिव्हिअर बघा. हा चांदीचा कारागीर कोटाशिवाय, नुसत्या सदऱ्यात बसलाय. एका हातात चांदीची किटली, दुसरा हनुवटीला. पुढ्यात कोरण्याची अवजारं, आणि किटलीच्या चकाकीत बोटांचं प्रतिबिंब. कॅनव्हास साधारण किटकॅटच्या मापाचा, म्हणजे बेताचा. हाताचे वेगळे पैसे लागत असते, तर एवढ्याशा चित्रात कॉप्लीने रिव्हिअरचे दोन्ही हात असे ऐन मध्यावर आणलेच नसते. आणि १७७३ साली फिलाडेल्फियाहून आलेल्या मिफलिन दांपत्याचं चित्र: सारा मिफलिन छोट्या मागावर झालर विणताना दाखवली आहे, बोटांत दोरा ताणलेला. नुसत्या हातांसाठी आपल्याला वीस वेळा बसावं लागलं, असं ती सांगायची अशी आख्यायिका आहे. कॉप्लीच्या कामाचा रेंगाळलेपणा पाहता ती खोटी वाटत नाही. हातांची खरी किंमत बसणाऱ्याने वेळेत आणि पाठदुखीत मोजली.

पत्रातलं 'माणसं किती यावर दर नव्हता' हे वाक्य तर आणखी कच्चं. मिफलिनांचंच उदाहरण घ्या. दोन माणसं एकत्र बसवायची म्हणजे कॅनव्हास नेहमीच्या हाफ-लेंग्थपेक्षा मोठा लागला, तो साधारण ६१ बाय ४८ इंच आहे. जास्त डोकी, जास्त जागा, जास्त बैठका. आणि जो चित्रकार चेहऱ्यावर नाव कमावतो तो डोकी मोजणार नाही, हे कोणत्याही धंद्यात न बसणारं आहे. वॉशिंग्टनचा चेहराच किती विकला गेला पाहा. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली त्याचं एक चित्र अर्धवट सोडलं. डोकं पूर्ण, बाकी कोरा कॅनव्हास. ते स्वतःजवळ ठेवून त्याच्या डझनांनी प्रती केल्या आणि शंभर डॉलरला एक अशा विकल्या. त्यांना तो 'माझ्या शंभराच्या नोटा' म्हणायचा. या मूळ चित्रात एकही हात नाही. एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा याच्यावरूनच आलाय.

कॉप्लीला पैशांची चांगली जाण होती, हे खरं. वर्षाला ३०० गिनी मिळतात, लंडनमध्ये त्या ९०० मिळवल्यासारख्या आहेत, असं तो पत्रात मोठ्या समाधानाने लिहितो. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. इथले लोक चित्रकलेला सुतार, शिंपी किंवा चांभार यांच्या कामासारखा एक उपयोगी धंदा समजतात, ही त्याची तक्रार. त्याने १७६५ साली सावत्र भाऊ हेन्रीचं चित्र काढलं. मुलाच्या बोटांत सोन्याची बारीक साखळी, साखळीला बांधलेली उडती खार, टेबलावर पाण्याचा पेला. कोणी सांगितलेलं काम नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, आणि त्यातला साखळी धरलेला हात हा त्याने रंगवलेल्या सर्वांत सुंदर हातांपैकी एक आहे. चित्र लंडनला प्रदर्शनात पाठवलं. रेनॉल्ड्सने तारीफ केली आणि सुचवलं की बॉस्टनच्या छोट्या चाकोरीत हात बिघडायच्या आत इकडे ये. तो गेला तो १७७४ साली, तेही चहाच्या भांडणानंतर, म्हणजे ब्रिटिश करावरून चिडलेल्या लोकांनी बंदरात चहा बुडवला त्यानंतर. त्याचा सासरा रिचर्ड क्लार्क हा बॉस्टनच्या बंदरात बुडवलेल्या त्या चहाच्या व्यापाऱ्यांपैकी एक होता. परत कधी आला नाही. वॉशिंग्टनला त्याने कधी रंगवलंच नाही.

राहता राहिला वाक्प्रचार. इंग्रजी शब्दकोशकारांना तो छापील स्वरूपात सापडतो विसाव्या शतकात. पील, कॉप्ली, स्टुअर्ट यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर. हात आणि पाय गमावणं ही माणसाला कळणारी सर्वांत उघड किंमत आहे, तिला समजायला चित्रकाराचं बिल लागत नाही.

आणि चित्रकार, पैसा आणि पाय यांची खरी गोष्टच हवी असेल तर ती कॉप्लीच्याच नावावर आहे. ब्रूक वॉटसन हा १७४९ साली चौदा वर्षांचा पोरगा असताना हवानाच्या बंदरात पोहायला उतरला आणि शार्कने त्याचं उजवं पाऊल तोडलं, मग पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे तो लंडनचा बडा व्यापारी झाला, १७९६ साली लॉर्ड मेयर झाला, आयुष्यभर लाकडी पायावर चालला. त्यानेच कॉप्लीला त्या प्रसंगाचं चित्र काढायला सांगितलं. १७७८ साली ते प्रदर्शनात लागलं आणि कॉप्लीचं लंडनमध्ये नाव झालं. पाण्यात उताणा पडलेला मुलगा, वर होडीतून झेपावणारे खलाशी, जबडा वासून येणारा शार्क. हात तर चित्रभर आहेत. मुलाचा तुटलेला पाय मात्र कॉप्लीने पाण्याखाली ठेवला, आणि वॉटसनने त्याबद्दल काही कमी पैसे दिल्याची नोंद नाही.